आधी काटा, मग गोळी

रक्तदाबाच्या रुग्णाचा दर भेटीत रक्तदाब मोजतात, मधुमेह्याची साखर तपासतात. डिप्रेशनच्या गोळ्या घेणाऱ्याचे वजन मात्र बहुतेक ठिकाणी कोणीच पाहत नाही. ‘झोप कशी आहे, मन लागतं का?’ एवढे विचारून पुढच्या महिन्याची चिठ्ठी हातात पडते. मग तीन-चार महिन्यांनी ब्लाउज दंडात रुतू लागतो, एखाद्या लग्नात कुणी मावशी सगळ्यांदेखत ‘अगं, चांगलंच अंग धरलंस की!’ म्हणते आणि त्या आठवड्यात कुणालाही न विचारता गोळ्या बंद होतात.

दोष मावशीचा थोडा, पण मोठा दोष न बोलण्याचा आहे. ही वजनवाढ अचानक उपटलेले संकट नाही. कोणत्या औषधाने वजन वाढण्याची शक्यता जास्त, हे बऱ्यापैकी ठाऊक आहे. मिर्टाझापिन आणि अमिट्रिप्टिलिन ही औषधे शरीरातल्या हिस्टामिनचे काम अडवतात. त्यामुळे झोप येते आणि भूकही खवळते. रात्रीची गोळी घेतल्यावर साडेअकराला फरसाणाचा डबा उघडणारा माणूस आळशी किंवा हावरट झालेला नसतो. अमिट्रिप्टिलिनने तोंडाला कोरड पडते. ती घालवायला साध्या पाण्याऐवजी सरबत आणि कोल्ड्रिंक घेतले, की त्यातली साखर वेगळीच.

‘अॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात २०२४ साली डिप्रेशनच्या गोळ्या घेणाऱ्या सुमारे १ लाख ८३ हजार अमेरिकी रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्ट्रालिन घेणाऱ्यांच्या तुलनेत एसिटालोप्राम घेणाऱ्यांचे वजन सहा महिन्यांत सरासरी ४०० ग्रॅमने जास्त वाढले, तर ब्युप्रोपिऑन घेणाऱ्यांचे २०० ग्रॅमने कमी. फरक किरकोळ वाटतो, पण ही सरासरी आहे. काहींचे वजन जराही हलत नाही, काहींचे पाच-सहा किलोंनी चढते. आपण कोणत्या गटात आहोत हे कळायला वजनकाट्याशिवाय दुसरा मार्ग नाही.

म्हणून पहिल्याच दिवशी, गोळी सुरू होण्याआधी, वजन आणि कमरेचा घेर लिहून ठेवावा. पुढे महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी उपाशीपोटी पाहावे. मूळ वजनाच्या पाच टक्के वाढ, म्हणजे साठ किलोच्या माणसाचे तीन किलो, झाली की डॉक्टरांशी बोलायची वेळ आली असे समजावे. मग थायरॉइड आणि साखर तपासता येते, दुसरे एखादे औषध भर घालते आहे का ते पाहता येते, मात्रा किंवा गोळी बदलता येते. प्रत्येक बदल प्रत्येकाला चालत नाही. फिट्सचा त्रास असलेल्याला ब्युप्रोपिऑन देत नाहीत. म्हणूनच हा निर्णय केमिस्टच्या काउंटरवर किंवा मैत्रिणीच्या अनुभवावरून घ्यायचा नसतो.

गोळी एकदम सोडली, तर चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके असे त्रास होऊ शकतात आणि मूळ आजार परतण्याचा धोका वाढतो. शिवाय आजारात ज्याचे जेवण तुटले होते, त्याचे दोन-तीन किलो परत येणे हे बरे होण्याचेही लक्षण असू शकते. हा फरकसुद्धा पहिल्या दिवसाची नोंद असेल तरच कळतो.

आहार आणि व्यायाम हवाच. पण ज्याला सकाळी अंथरुणातून उठणे हेच काम वाटते, त्याला ‘रोज तासभर चाल’ हे सांगणे म्हणजे अपराधीपणात भर घालणे. जेवणानंतर दहा मिनिटे चालणे, चहातली साखर आणि सोबतची बिस्किटे कमी करणे, रात्रीचे जेवण लवकर उरकून त्यात डाळ, उसळ किंवा अंडे वाढवणे, इतक्यावरही सुरुवात होते. घरच्यांनी ताटावर पहारा ठेवू नये. फरसाण कमी आणावे.

निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार नैराश्याच्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे ८५ जणांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. जे पंधरा जण लाज आणि भीती ओलांडून दवाखान्यात येतात, त्यांतला एकही वजनापायी गळणे परवडणारे नाही. ‘वजनाचं सांगितलं तर गोळीच घेणार नाहीत’ ही सबब काही डॉक्टर देतात. आधी सांगितलेला दुष्परिणाम रुग्ण सोसतो किंवा येऊन बोलतो. लपवलेला दुष्परिणाम त्याला स्वतःच सापडतो, आणि मग त्याचा विश्वास गोळीबरोबर डॉक्टरांवरूनही उडतो.