गाईची बारस, वाघाची बारस

दिवाळीचा पहिला दिवा गोठ्यात लागतो. आश्विन वद्य द्वादशीला, वसुबारसेच्या संध्याकाळी, गाय-वासराची पूजा होते आणि घरातली जाणती बाई कहाणी सांगते. आटपाट नगरातली म्हातारी शेतावर जाताना सुनेला गव्हाचं-मुगाचं शिजवून ठेवायला सांगते. गोठ्यातली वासरं नेमकी गव्हाळी-मुगाळी! सून तीच कापून शिजवते. पानातलं तांबडं मांस पाहून सासू हबकते, सुनेचं अजाणतं पाप पदरात घेऊन देवापुढे बसते. सांजेला गाई हंबरत परततात आणि वासरं जिवंत होऊन उड्या मारत आयांना लुचतात. त्या दिवशी गहू-मूग न खाण्याची चाल याच कहाणीशी जोडलेली आहे.

सणाच्या तोंडावर इतकी भीषण गोष्ट! पण तिच्यातली गाय प्रवचन करीत नाही. ती घरी येते आणि वासरू शोधते. आईपण दाखवायला कहाणीला एवढं पुरतं.

त्याच तिथीला अकोले तालुक्याच्या डोंगरांत महादेव कोळी आणि ठाकर वाघबारस करतात. वाघदेवाला नारळ, नैवेद्य, आणि मागणं एकच, गुरं सुखरूप राहू देत. ज्याच्या तोंडी गाय जायची, त्यालाच तिची राखण सांगायची! रानात गुरं चारणाऱ्याला वाघाशी वैर परवडत नाही, म्हणून इथला वाघ खलनायक होत नाही.

गोष्टीतलं जनावर काय सुचवतं, हे असं सांगणाऱ्याच्या अंगणावर ठरतं. काळावरही. ‘पंचतंत्रा’तला दमनक कोल्हा सिंह आणि बैलाच्या मैत्रीत विष कालवतो, बैल मरतो, आणि दमनकाचं काहीच बिघडत नाही. सहाव्या शतकात ही गोष्ट पहलवीत गेली, आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फानं ती अरबीत आणली. अरबी ‘कलीला व दिम्ना’त मात्र या कोल्ह्यावर रीतसर खटला चालतो नि त्याला शिक्षा होते. लांडग्याचंही तसंच. शार्ल पेरोच्या १६९७च्या पुस्तकात तो लाल टोपीवाल्या मुलीला खातो आणि गोष्ट तिथंच संपते; १८१२मध्ये ग्रिम बंधूंनी शिकाऱ्याकडून त्याचं पोट फाडवलं. राजदरबारात मुरलेल्या पेरोला लांडगा म्हणजे गोडबोले पुरुषच वाटत होते, हे त्यानं गोष्टीखाली पद्यात लिहूनही ठेवलं.

कावळ्याची तऱ्हा याहून विचित्र. पितृपक्षात तो पूर्वज असतो. गच्चीवर पान मांडून त्याची आर्जवं होतात, तो शिवला नाही तर घरादाराचा जीव टांगणीला लागतो. महिनाभरानं त्याच घरात नातवाला भरवताना आजी त्याचं शेणाचं घर पावसात वाहून नेते. मेणाच्या घरातली चिऊताई बाळाची अंघोळ, बाळाची तीट करीत त्याला दारात भिजवते. काही घरांत तर आत घेतल्यावरही उबेच्या निमित्तानं चुलीचा चटका देतात. पोर खदखदून हसतं, पुढचा घास घेतं, आणि मध्येच विचारतं, “दार आधीच का नाही उघडलं?”