झाडू घेऊन बर्फावर

अमेरिकेचा नकाशा उघडला तर सुपीरियर सरोवराच्या दक्षिण काठावरून एक चिंचोळा, डोंगराळ भूभाग ईशान्येकडे पाण्यात घुसलेला दिसतो. हे कीविनॉ द्वीपकल्प. इथे तांब्याच्या खाणी होत्या आणि खाणींना जाणकार माणसं हवी होती, म्हणून १८८५ मध्ये होटन गावात खाणकाम शिकवणारी एक शाळा निघाली. तिचं आजचं रूप म्हणजे मिशिगन टेक विद्यापीठ. नव्वदच्या दशकात मी जळगावहून तिथे धातुशास्त्र शिकायला गेले. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झेपावतो. होटनला मी पाहिलेल्या काही मे महिन्यांत रस्त्याकडेचे बर्फाचे ढीग पुरते वितळलेलेही नसत.

तिथला बर्फ सरोवर देतं. वायव्येकडून येणारा कोरडा, गोठलेला वारा सुपीरियरवरून वाहतो, तेव्हा खालचं पाणी त्या मानाने पुष्कळ उबदार असतं. वारा बाष्प उचलतो, कीविनॉच्या टेकड्यांशी येऊन वर चढतो आणि सगळा भार तिथेच उतरवून टाकतो. वादळाचा आव नाही, गडगडाट नाही. नोव्हेंबरपासून दिवसामागून दिवस नुसतं भुरभुरत राहतं. १९७८-७९ च्या हिवाळ्यात ३९०.४ इंच बर्फ पडला, म्हणजे जवळजवळ १० मीटर. त्या विक्रमाची आठवण म्हणून महामार्गाच्या कडेला एक उंचच उंच मोजपट्टी उभी केली आहे. तिच्याखाली उभं राहून फोटो काढल्याशिवाय होटनचा विद्यार्थी घरी परतत नाही.

एवढा बर्फ पडणाऱ्या गावापुढे दोनच वाटा असतात. दारं लावून एप्रिलची वाट बघायची किंवा बाहेर पडायचं. होटन बाहेर पडलं, आणि कॉलेज सुरू झालं तेव्हाच्या पिढीपासून पडत आलं. खाणीत राबायला आलेल्या फिनिश लोकांनी स्की आणि सौना आपल्याबरोबर आणले. गावातल्या एका दंतवैद्याने, डॉक गिब्सनने, हॉकीचा संघ उभा केला आणि १९०४ मध्ये खेळाडूंना उघडपणे पैसे देऊन खेळवणारी पहिली आइस हॉकी लीग याच परिसरातून सुरू झाली. विद्यापीठाच्या संघाने प्रशिक्षक जॉन मॅकिनिस यांच्या हाताखाली १९६२, १९६५ आणि १९७५ अशी तीन वेळा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. मॅकिनिस यांचं नाव असलेल्या त्या बंदिस्त मैदानात शुक्रवारी रात्री जागा धरून बसणं हा आमचा आठवड्याचा सण असे. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या ढगळ पोशाखातला विद्यार्थ्यांचा बँड वाजायला लागला, की नियम न कळणारी देसी मुलंसुद्धा उभी राहून ओरडत.

पण हॉकी बघायची गोष्ट होती. चार वर्षांचं असताना ज्यांच्या पायात स्केट चढले, त्यांचा तो खेळ. आम्हाला त्या गावाने खऱ्या अर्थाने आत घेतलं ते ब्रूमबॉलने.

ब्रूमबॉलला स्केट लागत नाहीत, आणि हीच त्याची सगळी थोरवी आहे. वसतिगृहांजवळच्या हिरवळीवर जानेवारीत पाणी सोडून उघड्यावर मैदानं गोठवायची. सहा-सहा जणांचे संघ, पायात साधे बूट, हातात झाडू, आणि एक छोटा चेंडू समोरच्या गोलात ढकलायचा. झाडू ज्याचा त्याने तयार करायचा. दुकानातून आणलेल्या झाडूच्या काड्या आखूड कापायच्या, त्यांवर डक्ट टेपचे घट्ट वेढे द्यायचे, हवा तो आकार आणायचा. त्या आकारावरून वाद रंगत. आमच्या खोलीत परीक्षेच्या अभ्यासापेक्षा झाडूच्या पात्यावर अधिक बारकाईने बोलणं होई, आणि त्यात मला अजूनही काही वावगं वाटत नाही. धातुशास्त्राच्या मुलींनी कडकपणा आणि लवचिकता यांचा मेळ कुठे घालायचा याचा विचार करावा, यात नवल काय?

गोठलेल्या बर्फावर बुटांनी पळायला लागलं की सगळे सारखे होतात. आमच्याविरुद्ध उभी असलेली मिशिगनची मुलगी जन्मापासून बर्फात वाढलेली असली, तरी बुटाखाली धरायला तिलाही काही नसे. ती पडे, मी पडे, रेफरीही घसरे. रात्री उशिराच्या सामन्याला उणे पंधरा तापमानात श्वासाची वाफ डोक्यावरच्या दिव्यात चमके, पापण्यांवर दव गोठे आणि अंगात मात्र घामाच्या धारा. ऑगस्टपासून मी त्या मुलींशी वर्गात 'हाय'च्या पलीकडे बोलले नव्हते. पहिल्या सामन्यानंतर त्यांतली एक मला आपल्या घरच्या सौनात घेऊन गेली. तिची आजी फिनिश बोलायची. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण तिने माझे सुजलेले गुडघे बघितले आणि काही न विचारता गरम पाण्याची बादली पुढे सरकवली.

बाहेरून आलेल्याला सामावून घ्यायचं तर सभा, परिचयपत्रकं, स्वागताची भाषणं यांचा फारसा उपयोग होत नाही, हे माझं ठाम मत तिथेच झालं. नवख्यालाही पहिल्या दिवसापासून खेळता येईल असा खेळ मात्र हवा. त्या विद्यापीठाने तो जपला, त्याला मैदानं दिली, दिवे दिले, पुरुषांचे, मुलींचे, मिश्र संघ घेतले. त्याबद्दल मी त्याची कायमची ऋणी आहे.

हिवाळी कार्निव्हलचंही तसंच. तो १९२२ पासून चालत आला आहे. फेब्रुवारीत विद्यार्थ्यांचे गट बर्फाची शिल्पं करतात. काही गट महिनाभर खपून घराएवढं शिल्प उभं करतात. बाकीच्यांसाठी एका रात्रीची स्पर्धा असते. संध्याकाळी सुरू करायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षक यायच्या आत हात थांबवायचे. साहित्य बर्फ आणि पाणी. कोरडा बर्फ चिकटत नाही, म्हणून त्यात पाणी कालवून लगदा करायचा आणि तो गोठायच्या आत थापायचा. थंडी जितकी कडक तितकं काम सोपं, त्यामुळे त्या रात्री पारा उतरावा म्हणून गाव देव पाण्यात घालून बसतं.

तो देवही त्यांनी स्वतःच घडवला आहे, हेइक्की लुंटा. १९७० मध्ये एका स्नोमोबाइल शर्यतीसाठी बर्फ कमी पडला, तेव्हा डेव्हिड रिउट्टा नावाच्या स्थानिक माणसाने गाणं रचून त्याला बर्फासाठी साकडं घातलं, आणि तो लोकांच्या तोंडी रुळला. पाऊस लांबला की आमच्या खानदेशात पोरं धोंडी काढतात, दारोदार जाऊन अंगावर पाणी ओतून घेतात. हेइक्की लुंटाच्या नावाने नाचणारी ती गोरी पोरं पाहिली, आणि तेव्हापासून होटन मला कधीच परकं वाटलं नाही.

स्कीचं मला फार सांगता येणार नाही. गावालगतच्या कालव्यापलीकडची मॉन्ट रिप्ली टेकडी विद्यापीठाचीच. खोलीच्या खिडकीतून तिचे दिवे दिसत. मी तिच्या सोप्या उतारापुरती राहिले. जंगलातल्या वाटांवरून सपाटीचं स्कीइंग मात्र मनापासून केलं.

अलीकडे जुन्या विद्यार्थ्यांच्या गटावर बोलणं सुरू झालं की आनंदाबरोबर काळजीही येते. २०२४ चा हिवाळा त्या भागाला फार उबदार गेला. बर्फच नसल्याने कॉपरडॉग ही कुत्र्यांच्या घसरगाड्यांची शर्यत रद्द करावी लागली. एखादा हिवाळा कोरडा जाणं नवं नाही. पण उघड्यावर गोठवलेल्या मैदानाला सलग थंडी लागते, आणि ती हुकली तर पहिला फटका ब्रूमबॉलला बसतो, हॉकीला नाही. हॉकीच्या डोक्यावर छप्पर आहे, खाली यंत्राने गोठवलेला बर्फ आहे. ज्या खेळाला कौशल्य लागत नाही, नेमका तोच हवामानाच्या भरवशावर आहे, हे मला बोचतं. कालव्याच्या पलीकडे हँकॉकमध्ये फिनिश स्थलांतरितांनी १८९६ मध्ये काढलेलं महाविद्यालय २०२३ मध्ये बंद पडलं. तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांना परत जायला गाव आहे, कॉलेज नाही. त्यामुळे आमच्या गटात मैदानांसाठी देणगीचा विषय निघाला की मी चर्चा लांबवत नाही.

दर उन्हाळ्यात नाशिक-जळगावकडच्या कुणा ना कुणा पालकांचा फोन येतो. मुलीला तिथे प्रवेश मिळालेला असतो. "ताई, थंडी फार असते का हो?" मी खरं ते सांगते, फार असते. जाड कोट इथून नेऊ नका, तिथला तिथेच घ्या. हातमोजे दोन जोड हवेत, कारण एक कायम ओला असतो. ड जीवनसत्त्वाचं डॉक्टरांना विचारून ठेवा, डिसेंबरात ऊन फार थोडा वेळ असतं. मग मी फोन मुलीकडे द्यायला सांगते. ब्रूमबॉलचा संघ वेळेवर नोंदव, तिला म्हणते, आणि संघात सगळ्या आपल्याच मुली घेऊ नकोस.