पोर्ट बुजवू नका, परवानगी द्यायला शिका

शाळेच्या संगणक कक्षात यूएसबी पोर्टमध्ये एम-सील भरायचे, याला काही ठिकाणी सुरक्षा म्हणतात. लिनक्सवाले जरा सुधारलेले. ते 'यूएसबी-स्टोरेज' हे मॉड्यूल ब्लॅकलिस्टमध्ये टाकतात आणि निश्चिंत होतात. माझ्या मते दोन्हींच्या मागे एकच आळस आहे.

त्या ब्लॅकलिस्टने पेन ड्राइव्ह अडतो, फोन अडत नाही. अँड्रॉइड फोन फायली देतो-घेतो तो एमटीपी या वेगळ्या वाटेने. 2014 साली कार्स्टन नोल आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाखवून दिले की फर्मवेअर बदललेला पेन ड्राइव्ह 'मी कीबोर्ड आहे' असे सांगून स्वतःच आज्ञा टाइप करू शकतो. तोही या बंदीतून आरामात आत जातो. मग अडला कोण? इंटरनेट नसलेल्या शाळेत उर्दूचा नस्तालीक फॉन्ट आणि मराठीचे स्वाध्याय घेऊन येणारा शिक्षक!

लिनक्सच्या कर्नलमध्ये याहून शहाणी सोय आहे. जोडलेल्या प्रत्येक यूएसबी उपकरणासाठी 'ऑथोराइज्ड' नावाची फाइल असते. तिच्यात 0 लिहिला की उपकरण बंद, 1 लिहिला की सुरू. 'यूएसबीगार्ड' हे मोफत सॉफ्टवेअर त्याच सोयीवर नियम चालवते. आधी शाळेचे कीबोर्ड-माउस यादीत घ्यायचे, नाहीतर आपणच बाहेर राहू. मग शिक्षकांचे ठरावीक पेन ड्राइव्ह नोंदवायचे. बाकी सगळे परवानगी मिळेपर्यंत बंद. उपकरणाचे क्रमांक बनावट करता येतात, हे खरे. पण म्हणून कोणी दाराला कुलूप लावायचे सोडत नाही.

पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने विंडोजसाठी 'यूएसबी प्रतिरोध' काढले, त्याचेही तत्त्व हेच: ओळख पटलेल्याला वाट द्या. सी-डॅकचेच 'बॉस' हे लिनक्स आहे आणि त्याची शाळांसाठी वेगळी आवृत्तीही आहे.

फिकहमध्ये 'सद्द-ए-जराए' म्हणून एक तत्त्व आहे: वाईटाकडे नेणारी वाट बंद करणे. पण उलमांनी त्यालाही मर्यादा घातली. द्राक्षापासून दारू होते म्हणून द्राक्षबाग लावणे हराम ठरले नाही. आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या बागायतदाराला हे वेगळे सांगायला नको. पेन ड्राइव्हला मात्र आपण सरसकट गुन्हेगार ठरवून मोकळे होतो.

"शिक्षकाच्या हाती रूट पासवर्ड कसा द्यायचा?" असे विचारणारे भेटतात. वर्गातली चाळीस मुले ज्याच्या हवाली करता, त्याच्यावर एका पासवर्डचा भरवसा नाही? आणि तो पासवर्ड फक्त ठेकेदाराकडे असेल, तर मशीन शाळेचे कसे? ही अमानत आहे, ती शाळेकडेच हवी.

म्हणून लॅबचा ताबा घेताना शाळा समितीने तीन गोष्टी लेखी मागाव्यात: रूट पासवर्ड, परवानगीची यादी आणि ती बदलायला शिकवणारे अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण. त्याशिवाय पावतीवर सही करू नये.