एचटी-२ चा आवाज ऐकू द्या

माननीय अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक,
हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेड, बेंगळुरू



आमच्या चामराजपेटेतली मुले आपल्या संग्रहालयात आली की आधी मारुतकडे धावतात. लढाऊ विमान ते, ओढ वाटणारच. शेजारी जाऊन एचटी-२ बघा, असे त्यांना सांगावे लागते. एवढ्यासाठीच हे पत्र.

एचटी-२ हे भारतात आखलेले आणि भारतीय कारखान्यातून संख्येने बाहेर पडलेले पहिले विमान. ऑगस्ट १९५१ मध्ये जमशेद मुन्शी यांनी ते प्रथम उडवले. आराखडा डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपूचा हा मुलगा जर्मनीत ग्योटिंगेनला जाऊन वायुगतिशास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकला आणि ती विद्या त्याने बेंगळुरूत रुजवली. उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साथीने १९४० साली आपला हा कारखाना काढला, तेव्हा तिथे परदेशी विमानांची जुळणी होत असे. अकरा वर्षांत स्वतःचे विमान आकाशात गेले! दीडशेहून अधिक एचटी-२ बनली, त्यांतली काही घानाच्या हवाई दलालाही गेली. आपल्या हवाई दलाच्या कित्येक वैमानिकांनी उड्डाणाचे पहिले धडे याच विमानात घेतले.

शिकाऊ विमानाचे मर्म मात्र ते नुसते उभे असताना कळत नाही. पुढे-मागे दोन जागा, दोन्हीकडे दांडी आणि पायाखालची पेडले, सगळे एकमेकांना जोडलेले. शिकणाऱ्याचा हात चुकला की गुरूला ते स्वतःच्या तळहातात जाणवते. नाकाखाली चाक नाही, ते शेपटाखाली आहे. म्हणून धावपट्टीवर पाय जरा ढिले पडले की विमान बाजूला वळू पाहते. वैमानिकाचे पाय या खोडीनेच तयार होत.

म्हणून विनंती आहे की एका एचटी-२ चे १५५ अश्वशक्तीचे सिरस मेजर इंजिन दर ऑगस्टमध्ये लोकांसमोर सुरू करावे. या इंजिनांचे उत्पादन कधीच बंद झाले, सुटे भाग मिळणे कठीण, हे मी जाणतो. पण हवाई दलाने जुने ब्रिटिश टायगर मॉथ विमान दुरुस्त करून घेऊन २०१२ साली हवाई दल दिनाला हिंडन हवाई तळावर उडवलेच ना? मग तेजस लढाऊ विमान बांधणाऱ्या कारखान्याला स्वतःचे पहिले अपत्य जड होऊ नये.

ते जमेपर्यंत निदान एका विमानाच्या दोन्ही जागा मुलांसाठी उघडाव्यात. एकीने पुढची दांडी हलवावी, दुसऱ्याला मागची हलताना दिसावी. आणि ज्या कामगारांनी ही विमाने जोडली, सांभाळली, त्यांच्यातले जे हयात आहेत त्यांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात. कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू, मराठी, ज्याला जी भाषा जवळची तिच्यात. हे काम मात्र पुढच्या वर्षावर टाकू नये. ती माणसे आता फार वयस्क झाली आहेत.

आपला नम्र,
चामराजपेटेतील एक मराठी रहिवासी