विश्लेषण : गाडीच्या एसीचा कुबट वास अत्तराने का जात नाही?

जुलैमधली भुरभूर पावसाची सकाळ. भोकरहून नांदेडकडे निघालेल्या भाड्याच्या गाडीत पाच जण बसतात, काचा वर होतात आणि चालक एसीचे बटण दाबतो. पहिल्या अर्ध्या मिनिटात ओल्या पायमोज्यांसारखा, बंद ट्रंकेतल्या जुन्या गोधडीसारखा वास नाकात शिरतो. मागे बसलेली आजी पदर नाकाला लावते, चालक आरशाला टांगलेली सुगंधी बाटली हलवतो आणि दहा मिनिटांत सगळ्यांना त्या वासाची सवय होते. गाडी तासाभराने नांदेडला पोहोचते, तेव्हा तो विषय कोणाच्या लक्षातही नसतो.

हा त्रास किरकोळ समजला जातो. पण ज्यांना दमा आहे, जी लहान मुले आहेत आणि जे चालक दिवसाचे आठ-दहा तास त्याच हवेत काढतात, त्यांच्यासाठी तो किरकोळ नाही. शिवाय या वासावर लोक जो पैसा खर्च करतात, तो बहुतेक वेळा चुकीच्या जागी जातो. कोणी अत्तर घेतो, कोणी गॅस भरून घेतो. दुखणे मात्र पाण्याचे असते.

वास नेमका येतो कुठून?

डॅशबोर्डच्या मागे ॲल्युमिनियमची एक जाळीदार कॉइल असते. गॅरेजमध्ये तिला कूलिंग कॉइल म्हणतात. ब्लोअरचा पंखा हवा या कॉइलवरून ढकलतो, हवा थंड होते आणि आत येते. हवा थंड झाली की तिच्यातली वाफ धरून ठेवण्याची ताकद कमी होते. पावसाळ्यात ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असते. तीच हवा १० अंशांपर्यंत थंड झाली, तर ती सुमारे ९ ग्रॅमच धरू शकते. उरलेले १५ ग्रॅम पाणी कॉइलवर थेंब होऊन जमते. थंडगार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो, तोच हा प्रकार.

हे पाणी एका बारीक नळीतून गाडीखाली पडावे, अशी रचना असते. पण कॉइलच्या पात्यांत थोडा ओलावा उरतोच. त्यात धूळ, परागकण आणि पाल्याचा चुरा अडकतो. अंधार, ओल आणि खायला सेंद्रिय कचरा एवढे मिळाले की बुरशी आणि जिवाणू वाढतात. नाकाला जाणवतो तो त्यांनी सोडलेला वास. म्हणूनच एसी सुरू करताना तो सर्वात तीव्र असतो. गाडी उभी असताना आत साचलेली हवा पहिल्या झोताबरोबर बाहेर येते.

भोकरसारख्या भागात तो जास्त का जाणवतो?

या भागातली गाडी वर्षभरात दोन टोके पाहते. मार्च ते मे कोरडी धूळ आणि चाळिशीपार गेलेला पारा, तर जूननंतर सततची ओल. उन्हाळ्यात धूळ कॉइलवर बसते आणि पावसाळ्यात भिजते. किनवट, हिमायतनगरकडे किंवा तेलंगणातील भैंसा, निर्मलकडे जाणाऱ्या गाड्यांना रस्त्याच्या कामांची माती, कच्च्या साइडपट्टीचा फुफाटा हे नित्याचेच. दसऱ्याच्या आसपास सोयाबीनची मळणी सुरू झाली की भुसकट हवेत असते. त्यामागोमाग कापसाचे तंतू येतात.

दुसरे कारण सावलीचे. उन्हापासून वाचवायला गाडी कडुलिंबाखाली लावली जाते. पानगळीत बारीक पाने समोरच्या काचेखालच्या, वायपरजवळच्या जाळीत पडतात. बाहेरची हवा आत घेण्याचा मार्ग तिथेच असतो. पहिल्या पावसात ती पाने कुजतात आणि कुजलेला वास थेट ब्लोअरमध्ये जातो. पीक निघाले की शेतातले उंदीर घराकडे वळतात. अंगणातल्या गाडीत एअर फिल्टरच्या खोक्यात किंवा ब्लोअरच्या वाटेवर त्यांची घरटी सापडणे यात नवल नाही.

कंपनीच्या पुस्तिकेत केबिन फिल्टर साधारण १० ते १५ हजार किलोमीटरला किंवा वर्षाला बदला, असे सांगितलेले असते आणि धुळीच्या भागात त्याआधी बदला, अशी सूचनाही असते. लोक पहिला आकडा पाळतात आणि ती सूचना विसरतात. मराठवाड्यात ही सूचना हाच मुख्य नियम मानायला हवा.

गॅस भरल्याने वास जातो का?

नाही. गॅरेजमध्ये ‘एसीत वास येतो’ म्हटले की ‘गॅस बदलून घ्या’ हा सल्ला अनेकदा मिळतो. पण एसीचा गॅस बंद नळ्यांतून फिरतो. प्रवाशांच्या श्वासात येणाऱ्या हवेशी त्याचा संपर्क होत नाही. घरच्या सिलिंडरप्रमाणे तो जळून संपतही नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे आणि आधी गळती शोधली पाहिजे. गॅस कमी झाल्याची खूण म्हणजे थंडावा घटणे. गाडी नीट थंड होते आहे आणि फक्त कुबट वास येतो आहे, तर गॅसचे पैसे वाया जाणार.

यात पर्यावरणाचाही प्रश्न आहे. अनेक गाड्यांत वापरला जाणारा आर-१३४ए हा वायू १०० वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट तापमानवाढ घडवतो. असे वायू टप्प्याटप्प्याने कमी करण्यासाठी २०१६ मध्ये किगाली दुरुस्ती झाली आणि भारताने तिला २०२१ मध्ये मान्यता दिली. वासाच्या तक्रारीवर गॅस हवेत सोडून नवा भरणे हे म्हणूनच खिशालाही महाग आणि हवेलाही.

अत्तर, कापूर आणि फवारे काय करतात?

सुगंधी बाटली किंवा जेल बुरशीला हात लावत नाही, वासावर वास चढवते. काहींना त्या तीव्र सुगंधानेच मळमळते किंवा डोके दुखते. कापराच्या पुडीचेही तेच. गाडीत अगरबत्ती लावणे तर उलटे पडते. धुराचे कण आसनांच्या कापडात आणि त्याच कॉइलवर जाऊन बसतात. फिनाईल किंवा ब्लीच हवेच्या जाळीतून ओतण्याचा प्रयोग कोणी करू नये. ब्लीचने ॲल्युमिनियम खराब होऊ शकते आणि त्याची वाफ बंद गाडीत घशाला झोंबते.

कॉइल साफ करण्यासाठी मिळणारे खास फवारे किंवा फेस उपयोगी ठरतात, पण ते कॉइलपर्यंत पोहोचले तरच. जाळीतून वरवर मारलेला फवारा नळीतच राहतो. फिल्टर काढून त्या जागेतून किंवा पाण्याच्या नळीतून तो आत गेला पाहिजे. त्या वेळी काचा उघड्या असाव्यात, गाडीत कोणी बसू नये आणि जवळपास विडी-सिगारेट नसावी. अनेक फवारे ज्वालाग्राही असतात. उरलेला डबा उन्हात गाडीत ठेवणे तर सरळ धोक्याचे.

मग क्रम काय असावा?

आधी स्वस्त, मग महाग. पहिली पायरी फिल्टर. बहुतेक गाड्यांत तो डाव्या आसनासमोरच्या खणामागे असतो. खण उतरवला की हाताने निघतो. काळा पडलेला, पाने अडकलेली किंवा ओलसर असेल तर बदलावा. कागदी फिल्टर धुऊ नये. ओला कागद बुरशीला आवडतोच. नव्या फिल्टरवर हवेच्या दिशेचा बाण असतो, तो पाहून बसवावा. काही जुन्या किंवा कमी किमतीच्या गाड्यांत हा फिल्टर नसतोच. तिथे धूळ थेट कॉइलवर जाते, म्हणून कॉइलची सफाई लवकर लागते.

दुसरी पायरी पाण्याची नळी. दमट दिवशी एसी पंधरा-वीस मिनिटे चालल्यावर गाडीखाली पाणी ठिबकले पाहिजे. ते ठिबकत नसेल आणि पुढच्या आसनाखालचे पायपुसणे ओले लागत असेल, तर नळी तुंबली आहे. खालून हवा मारून ती मोकळी करणे हे थोड्या वेळाचे काम. कोरड्या उन्हाळ्यात मात्र पाणी कमीच पडते, त्यात बिघाड नाही. जमिनीवरचा गालिचा एकदा भिजला, तर तो उचलून खालचा थर उन्हात वाळवल्याशिवाय वास जात नाही.

तिसरी पायरी वायपरखालची जाळी आणि ब्लोअर यांची सफाई. चौथी कॉइलची. पूर्ण डॅशबोर्ड उघडून कॉइल बाहेर काढणे हा शेवटचा उपाय आहे. पहिल्या तीन पायऱ्या न करताच कोणी तो सुचवला, तर गिऱ्हाइकाने जुना फिल्टर दाखवायला सांगावे.

आणि फुकटातली सवय अशी : मुक्कामाच्या चार-पाच मिनिटे आधी एसीचे बटण बंद करावे, पंखा चालू ठेवावा आणि बाहेरची हवा आत घ्यावी. गाव दिसू लागले की एवढे केले तर कॉइल बरीच वाळते. मुसळधार पावसात मात्र यामुळे समोरच्या काचेवर वाफ धरते. तेव्हा गाडी थांबल्यावर, काचा थोड्या खाली करून पंखा चालवावा. रस्ता दिसणे आधी, वास नंतर. या सवयीने नवी बुरशी कमी होते. आधीची साचलेली घाण मात्र तिने निघत नाही, ती साफच करावी लागते.

आतलीच हवा फिरवणारे बटण धुळीत आणि कडक उन्हात उपयोगी असते, पण संपूर्ण प्रवास त्यावर काढू नये. भरलेल्या गाडीत सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड वाढत जातो, पेंग येते आणि ओलही आतच राहते.

कोणता वास कुबट नाही, धोक्याचा आहे?

सगळे वास बुरशीचे नसतात. गोडसर वास आणि काचेवर आतून चिकट वाफ असेल, तर इंजिनाचे कूलंट गळत असण्याची शक्यता असते. ते विषारी असते. जळका वास आला तर गाडी बाजूला घेऊन बंद करावी. पेट्रोलचा किंवा धुराचा वास आत येत असेल, तर काचा उघडून सगळ्यांनी उतरावे. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो आणि तो जीव घेतो. याच कारणाने बंद जागेत इंजिन सुरू ठेवून एसीत झोपू नये. मेलेल्या जनावराचा वास आला तर उंदीर शोधावा, फवारा नव्हे.

हा प्रश्न कोणाच्या श्वासाचा?

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरांतील ओल आणि बुरशीविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. ओलसर घरांत राहणाऱ्यांत श्वसनाच्या तक्रारी आणि दमा अधिक आढळतो, असे त्यांत नमूद आहे. गाडी म्हणजे घर नव्हे. धडधाकट माणसाने तासाभराच्या प्रवासाने घाबरण्याचे कारण नाही. पण भोकर, हिमायतनगर, किनवट या पट्ट्यातून मोठ्या उपचारासाठी नांदेड गाठावे लागते. श्वासाचा त्रास होणारा रुग्ण विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात पोहोचेपर्यंत कोणत्या हवेत बसला होता, हे कोणी विचारत नाही. पीयूसी प्रमाणपत्र गाडीच्या मागून निघणारा धूर तपासते, आत बसणाऱ्याच्या वाट्याला येणारी हवा नाही.

चालकाचे तर ते कामाचे ठिकाणच आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड मालट्रकांच्या केबिनमध्ये एसी बंधनकारक झाला आहे. उन्हात होरपळणाऱ्या चालकांसाठी हा निर्णय योग्यच. पण एसी बसवणे हे काम एकदाचे, तो स्वच्छ ठेवणे कायमचे. टायर आणि ऑइल यांचा खर्च मालक मुकाट्याने करतो, कारण ते नसले तर गाडी थांबते. काही शे रुपयांच्या फिल्टरअभावी गाडी थांबत नाही, फक्त चालक शिंकत राहतो. म्हणून तो खर्च चालकावर किंवा नशिबावर सोडला जातो. फिल्टरची नोंद ऑइलबरोबरच मालकाच्या वहीत झाली पाहिजे.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठीही वास हा पुरावा आहे. पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी धुऊन-पुसून चमकवता येते, गालिच्याखालची ओल लपवायला मात्र सुगंधच लागतो. सौदा करताना अत्तराची बाटली बाहेर ठेवायला सांगावी, काचा बंद करून एसी लावावा आणि पहिला झोत नाकावर घ्यावा. पायाखालचा गालिचा हाताने दाबून पाहावा.

भोकरच्या गाडीसाठी वर्षाचे वेळापत्रक सोपे आहे. पानगळ संपली की वायपरखालची जाळी साफ करणे, मृगाआधी पाण्याची नळी आणि कॉइल पाहणे, सोयाबीनची मळणी आटोपली की फिल्टर बदलणे आणि हिवाळ्यातही आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालवणे. घरात भिंतीला ओल आली तर कोणी भिंतीवर अत्तर शिंपडत नाही, पाणी कुठून मुरते ते शोधतो. गाडीच्या बाबतीतही तेवढेच करायचे आहे.