आधी तारीख बघा!

कंपनीच्या हेल्थ चेकअपला आपण कसे जातो? उपाशीपोटी, कुरकुरत आणि नंतरच्या फुकट ब्रेकफास्टवर डोळा ठेवून. माझा एक मित्र असाच गेला. वय ३१, नुकतंच लग्न, तब्येत ठणठणीत. पांढऱ्या पेशी अकरा हजारांच्या आत हव्यात, त्या निघाल्या लाखाच्या वर. पुढच्या तपासण्यांत निदान झालं, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. थोडक्यात सीएमएल. वर्षाला लाखात जेमतेम एक-दोघांना होणारा रक्ताचा कॅन्सर. पाश्चात्त्य देशांत तो बहुधा साठीच्या आसपास गाठतो, आपल्याकडे मात्र बरेच पेशंट तिशी-चाळिशीतले.

त्या रात्री त्याने काय केलं असेल? तुम्ही-आम्ही केलं असतं तेच. लॅपटॉप उघडला, नाव टाइप केलं, आणि पहाटे तीनपर्यंत त्याला 'कळलं' की आपल्या हातात तीन ते पाच वर्षं आहेत. होम लोन वीस वर्षांचं होतं.

गंमत (कसली डोंबलाची गंमत!) अशी की ती माहिती खोटी नव्हती. शिळी होती.

१९६० साली फिलाडेल्फियात नॉवेल आणि हंगरफोर्ड या दोघांना सीएमएलच्या पेशंट्समध्ये एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसलं. १९७३मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी दाखवून दिलं की ९ आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांनी आपापले तुकडे अदलाबदल केलेत. (म्हणूनच जागतिक सीएमएल दिन २२ सप्टेंबरला. २२-९, लक्षात आलं?) या अदलाबदलीतून एक बिघडलेलं प्रोटीन तयार होतं आणि ते पेशींना 'वाढा, वाढा' असं सांगतच राहतं. इमॅटिनिब नावाची गोळी नेमकी त्याचंच तोंड बंद करते. मे २००१मध्ये तिला अमेरिकेत मान्यता मिळाली. तिच्या मोठ्या ट्रायलचे दहा वर्षांनंतरचे आकडे २०१७ साली छापून आले. सुरुवातीच्या टप्प्यात निदान होऊन इमॅटिनिब सुरू केलेल्या पेशंट्सपैकी सुमारे ८३ टक्के तेव्हाही हयात होते.

म्हणजे बघा, एक पान पाच वर्षं म्हणतं, दुसरं म्हणतं गोळी घे आणि कामाला लाग. दोन्ही आपापल्या काळात खरी.

"अरे, आता मी कुठलंही पान उघडलं की आधी तारीख शोधतो," मित्र म्हणतो. "तारीख नाही, तर वाचणं नाही." त्याचा दुसरा नियम म्हणजे आकडा कोणाचा ते बघायचं. सीएमएल आणि एएमएलमध्ये एका अक्षराचा फरक, पण आजार वेगळे. सीएमएलमध्येही क्रॉनिक फेज आणि ब्लास्ट फेज यांत जमीन-अस्मानाचं अंतर.

मग वाचायचं कुठे? अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटच्या साइटवर पेशंटसाठी वेगळी आणि डॉक्टरांसाठी वेगळी माहिती असते, शेवटची दुरुस्ती कधी झाली तेही लिहिलेलं असतं. आपल्या टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने चालणाऱ्या नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या गाइडलाइन्सही बघता येतात. फक्त परदेशी साइटवरची डॉलरमधली किंमत वाचून छातीत धडकी भरवून घेऊ नका. १ एप्रिल २०१३ला सुप्रीम कोर्टाने या औषधाच्या नव्या रूपाला पेटंट नाकारलं आणि आपल्याकडे कितीतरी स्वस्त जेनेरिक गोळ्यांचा रस्ता मोकळा राहिला.

आता फॉरवर्ड्स. गव्हांकुराचा रस, गोमूत्र, 'साखर सोडा, कॅन्सर उपाशी मरेल'. पाठवणाऱ्या मावशीचा जीव तुटत असतो, तिच्याशी भांडून काय मिळणार? "मावशी, डॉक्टरांना विचारतो हं," एवढं पुरतं. आणि खरंच विचारा. ग्रेपफ्रूट किंवा सेंट जॉन्स वर्टसारखी 'नॅचरल' चीजही या गोळीच्या कामात ढवळाढवळ करते.

सगळ्यात घातक असतं ते अर्धसत्य. 'मी गोळी सोडली, आता मस्त आहे!' असं होतं, नाही असं नाही. वर्षानुवर्षं आजार जवळजवळ शून्यावर असलेल्या काही जणांची गोळी डॉक्टर बंद करून बघतात. पण मग पीसीआर टेस्ट वारंवार होते आणि बऱ्याच जणांना गोळी पुन्हा सुरू करावी लागते. नेटवर फिरतो तो फक्त पहिला भाग. आणि मुलींनो, ही गोळी चालू असताना प्रेग्नन्सीचा विचार असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. त्याचं उत्तर प्रत्येकीच्या रिपोर्टवर ठरतं, सर्चवर नाही.

ओपीडीत वेळ मोजून मिळतो. प्रश्न मोबाइलमध्ये लिहून न्या. त्याखाली दर पीसीआरचा आकडा, तारीख आणि लॅबचं नाव टिपून ठेवा. लॅब बदलली की आकडे सरळ जुळतीलच असं नाही.