व्हिडिओ एडिटिंग अॅप निवडताय? इफेक्ट नंतर, आधी ते टिकतं का बघा

आषाढी आटोपली की पंढरपूरहून परतणारे वारकरी वद्य एकादशीला हिंगोली जिल्ह्यातल्या नरसी नामदेवला येतात. हीच परतवारी. संत नामदेवांच्या या जन्मगावी त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते, आणि हल्ली जिकडेतिकडे मोबाइल वर धरलेले. दिंडी, फुगडी, मंदिर, कयाधूचा काठ... संध्याकाळपर्यंत रील पडलीच पाहिजे! आता समजा, ४० क्लिप जोडून झाल्या, एक्सपोर्ट ९० टक्क्यांवर आलं आणि अॅप धाडकन बंद पडलं. दिंडी काही तुमच्यासाठी पुन्हा निघणार नाही.

‘बेस्ट एडिटिंग अॅप कोणतं?’ असं विचारलं की लोक इफेक्ट आणि टेम्पलेट मोजायला लागतात. गेल्या काही वर्षांतल्या बातम्या बघितल्या तर प्रश्नच चुकतोय असं वाटतं. २९ जून २०२० ला केंद्र सरकारने ५९ अॅपवर बंदी घातली. टिकटॉक सगळ्यांना आठवतं, पण त्याच यादीत विवाव्हिडिओ हे एडिटिंग अॅपही होतं. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत टिकटॉकसोबत कॅपकटही काही काळ बंद झालं. अडोबीसारख्या बड्या कंपनीनेसुद्धा सप्टेंबर २०२५ अखेर ‘प्रीमियर रश’ गुंडाळलं. म्हणजे अॅप चिनी असो की अमेरिकी, फुकट असो की विकतचं, तुमचं अर्धवट काम त्यात अडकू शकतं. मेटाचं ‘एडिट्स’ एप्रिल २०२५ मध्ये आलं; चांगलं आहे, वापरा. पण त्याच्या भरवशावर मूळ क्लिप उडवू नका.

इथेच बरेच जण फसतात. बहुतेक अॅपच्या प्रोजेक्टमध्ये व्हिडिओ नसतोच, फक्त ‘अमुक क्लिप इथून इथपर्यंत’ एवढी नोंद असते. फोन भरला म्हणून गॅलरीतून क्लिप डिलीट केली की प्रोजेक्टमध्ये काळा चौकोन! बऱ्याच फोनवर १०८०पी, ३० फ्रेमचा व्हिडिओ साधारण १७ मेगाबिट वेगाने साठतो. हिशोब करा: मिनिटाला जवळपास १२५ एमबी, तासाला साडेसात जीबी. ६४ जीबीच्या फोनवर यात्रेचा दिवस म्हणजे कसरतच. त्यामुळे आधी क्लिप पेन ड्राइव्हवर किंवा मेमरी कार्डवर घ्या, मग एडिटिंगला बसा. मित्राकडून क्लिप मागवताना व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा, नाहीतर क्वालिटी गेलीच समजा.

अॅप मध्येच बंद पडण्यामागे दरवेळी अॅपच दोषी असतं असंही नाही. रॅम कमी असली की अँड्रॉइड मागे चालू असलेलं अॅप बंद करून टाकतो. एक्सपोर्ट चालू असताना फोन आला, तुम्ही बोलत बसलात, की काम संपलं. तेव्हा विमान मोड लावा, स्क्रीन चालू ठेवा, जागा रिकामी ठेवा. फोन तापला असेल तर थोडं थांबा. 4के चा मोह तर सोडाच. रील शेवटी मोबाइलवरच बघतात.

कॉम्प्युटरवर गेलात तर दुखणं वेगळं. फोन बहुधा फ्रेमचा वेग कमीजास्त करत रेकॉर्ड करतो. काही सॉफ्टवेअरला ते झेपत नाही आणि अभंग पुढे, टाळ मागे असा प्रकार होतो. ‘हँडब्रेक’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये क्लिप एकसारख्या फ्रेम रेटवर आणली की सुटतं. जुना लॅपटॉप अडखळत असेल तर शॉटकट किंवा केडेनलाइव्हमध्ये ‘प्रॉक्सी’ चालू करा: एडिटिंग हलक्या कॉपीवर होतं, एक्सपोर्ट मूळ क्लिपवरून. दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती जबरदस्त आहे, पण वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर तिच्या नादी लागू नका, असं माझं मत.

आणि कोणतंही अॅप पक्कं करण्याआधी एक चाचणी घ्या. स्वतःच्याच फोनच्या ३० क्लिप, दोन गाणी, मराठी टायटल. जोडाक्षरं तुटतात का बघा. मध्येच अॅप मुद्दाम बंद करा. उघडल्यावर काम किती शिल्लक राहिलं? मग पाच मिनिटांचा व्हिडिओ लागोपाठ दोनदा एक्सपोर्ट करा. दुसऱ्यांदा अडकलं तर परतवारीच्या आठवडाभर आधीच दुसरं अॅप शोधायला लागा, कारण यात्रेच्या गर्दीत नेटवर्कवर ते डाउनलोडही होणार नाही.